गटूनच्या तलावात पाणी नव्हतं : मक्याच्या एका जहाजाचे सोळा दिवस

मी आता मुंबईतल्या एका ऑफिसात बसून जहाजांच्या फेऱ्या आखतो. त्याआधी बरीच वर्षं समुद्रावर काढली. खाली लिहिलेली फेरी आमच्याच डेस्कवरची आहे. जहाजाचं, मालकांचं, चार्टररचं (म्हणजे जहाज भाड्याने घेणाऱ्याचं) आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. ओळख पटेल असे एकदोन तपशीलही बदलले आहेत. कालव्याबद्दलचं सगळं मात्र जसं घडलं तसंच आहे. बोटीवर नव्याने जाणाऱ्या मुलांना आणि ऑपरेशन्समध्ये नव्याने येणाऱ्यांना निर्णय कसे घेतले जातात, आणि कुठे चुकतात, हे दिसावं म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

२०२३ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस आमचं एक बल्क कॅरिअर, म्हणजे सुटा माल नेणारं जहाज, अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या खालच्या पट्ट्यात मका भरत होतं. लांबी २२९ मीटर, रुंदी ३२.२६ मीटर. माल जपानला जायचा होता. मेक्सिकोच्या आखातातून जपानला जायचा सरळ रस्ता पनामा कालव्यातून जातो, सुमारे ९,२०० सागरी मैल. आमच्या जहाजाच्या चालीने एकतीस दिवस.

ही रुंदी ३२.२६ का, हे आधी सांगतो. लॉक म्हणजे जहाज आत घेऊन पाण्याने वर-खाली करणारा, दोन्ही टोकांना दारं असलेला हौद. पनामाच्या जुन्या लॉकचा हौद ३३.५ मीटर रुंद आणि ३०५ मीटर लांब आहे. हौदाची मापं ठरली शंभरहून जास्त वर्षांपूर्वी, आणि आजही जगातली हजारो जहाजं त्या मापात बसतील अशी बांधली जातात. आमचं जहाज त्यांपैकीच एक. हौदात शिरलं की दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट मोकळी जागा उरते.

खोलीलाही मर्यादा आहे. जुन्या लॉकमधून जायला जहाजाचा ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखालचा भाग, १२.०४ मीटरपेक्षा जास्त चालत नाही. हे माप कालव्याच्या वाटेवरच्या गटून तलावाच्या कोमट गोड्या पाण्यातलं. समुद्राचं खारं पाणी जड असतं, त्यात जहाज जास्त तरंगतं. गोड्या पाण्यात आलं की खाली बसतं. आमच्या जहाजाच्या बाबतीत हा फरक सुमारे ३० सेंटिमीटरचा. आणि एक सेंटिमीटर म्हणजे जवळपास ७० टन माल. त्यामुळे कालव्यातून जायचं ठरलं की जहाज पूर्ण भरता येत नाही. आम्ही भरले ५७ हजार टन. कालवा मध्ये नसता तर आणखी दहा-बारा हजार टन सहज बसले असते.

म्हणजे रस्ता कोणता हा निर्णय जहाज सुटताना घ्यायचा नसतो. मका होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या मालाच्या कप्प्यांत, पडायला लागतो तेव्हाच त्यातला अर्धा निर्णय होऊन गेलेला असतो.

कालव्यात पाणी येतं कुठून

पुढचं सगळं समजायला थोडा इतिहास लागेल. तो मला मनापासून आवडतो, म्हणून जरा रेंगाळतो.

पनामा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दोन समुद्र जोडणारा खणलेला चर येतो. सुएझ तसा आहे. १८६९ साली सुएझ उघडला, मुंबई-लंडन समुद्रप्रवास आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या, केपच्या, फेऱ्यापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला आणि मुंबई बंदराचं नशीब पालटलं. ससून डॉक आणि प्रिन्सेस डॉक ही त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांतली कामं. सुएझमध्ये एकही लॉक नाही. सपाट वाळवंटातून भूमध्य समुद्राचं पाणी लाल समुद्राला जाऊन मिळतं. तो कालवा उभा करणारे फर्डिनांड द लेसेप्स पनामालाही तसाच समुद्रसपाटीचा कालवा खणायला निघाले. १८७९ च्या पॅरिस परिषदेत गोदँ द लेपिने नावाच्या एका फ्रेंच इंजिनिअरने वेगळी कल्पना मांडली होती. डोंगर समुद्रसपाटीपर्यंत खणत बसू नका, चाग्रेस नदी अडवून वर तलाव करा आणि जहाजं पायऱ्यांनी वर चढवा, असं त्यांचं म्हणणं. ते कुणी मनावर घेतलं नाही.

पनामा म्हणजे वाळवंट नव्हे. तिथे डोंगर आहे, धो-धो पाऊस आहे, आणि पुरात काही तासांत अनेक फूट चढणारी चाग्रेस नदी आहे. पॅसिफिक बाजूला भरती-ओहोटीचा फरक सहा मीटरपर्यंत जातो, तर अटलांटिक बाजूला तो अर्ध्या मीटरच्याही आत असतो. कुलेब्राच्या डोंगरात जितकं खणावं तितकी माती वरून घसरून परत खाली येई. १८८१ मध्ये सुरू झालेलं फ्रेंचांचं काम १८८९ मध्ये कंपनी बुडून थांबलं. तोवर पिवळा ताप, मलेरिया आणि अपघातांनी सुमारे २२ हजार माणसं गेली होती.

१९०४ मध्ये अमेरिकेने काम हाती घेतलं. डॉ. विल्यम गॉर्गस यांनी आधी डासांचा बंदोबस्त केला. मलेरियाचा संबंध डासाशी असल्याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली आपल्या सिकंदराबादेत मिळाला होता. त्या शोधाचा एवढा मोठा उपयोग पनामात झाला. मग प्रश्न उरला कालवा कसला करायचा, हा. तज्ज्ञांच्या मंडळाने ८ विरुद्ध ५ मतांनी समुद्रसपाटीचाच कालवा सुचवला. मुख्य इंजिनिअर जॉन स्टीव्हन्स यांनी चाग्रेसचे पूर स्वतः पाहिले होते. त्यांनी लॉकच्या बाजूने जोर लावला आणि जून १९०६ मध्ये अमेरिकी सिनेटने ३६ विरुद्ध ३१ मतांनी लॉकचा कालवा मान्य केला. अवघ्या पाच मतांचा फरक. लेपिनेंची कल्पना सत्तावीस वर्षांनी खरी ठरायला लागली.

गटूनला मातीचं धरण बांधलं, चाग्रेस अडवली, आणि समुद्रसपाटीपासून २६ मीटर उंचावर एक अवाढव्य तलाव तयार झाला. गावं उठली, जंगल बुडालं. अटलांटिककडून आलेलं जहाज गटूनच्या तीन लॉकमधून वर चढतं, तलाव आणि कुलेब्राची खिंड ओलांडतं, पेद्रो मिगेलला एक आणि मिराफ्लोरेसला दोन पायऱ्या उतरून पॅसिफिकमध्ये जातं. एकूण ८० किलोमीटरच्या आसपास. १५ ऑगस्ट १९१४ रोजी ‘अँकॉन’ जहाजाने कालव्याचं उद्घाटन झालं. अमेरिकी कामाच्या काळातही ५,६०९ माणसं मेल्याची नोंद आहे.

या सगळ्या यंत्रणेत हौद भरायला एकही पंप नाही. तलावाचं पाणी भिंतींच्या पोटातल्या बोगद्यांतून आपल्या वजनाने खालच्या हौदात येतं, तिथून त्याच्या खालच्या हौदात, आणि शेवटी समुद्रात. एक जहाज पार व्हायला सुमारे २० कोटी लिटर गोडं पाणी समुद्राला मिळतं. जहाज रिकामं असो की भरलेलं, हौदाला लागणारं पाणी जवळपास तेवढंच. आणि हाच तलाव पनामाच्या निम्म्याहून जास्त लोकांना प्यायचं पाणी देतो.

१९०६ मध्ये ज्यांनी लॉकच्या बाजूने मत दिलं, ते माझ्या मते बरोबर होते. समुद्रसपाटीचा कालवा त्या डोंगरात कधी पुरा झाला असता असं मला वाटत नाही. पण त्या दिवसापासून कालवा पावसाच्या भरवशावर गेला.

अडचण

२०२३ हे एल निनोचं साल. पनामात पाऊस लांबला, मग कमी पडला. १९५० पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑक्टोबर नव्हता. कालवा प्राधिकरणाने आधी मोठ्या, २०१६ साली उघडलेल्या नव्या लॉकचा ड्राफ्ट ५० फुटांवरून ४४ फुटांवर आणला. जुलैअखेर रोजची जहाजं नेहमीच्या ३६-३८ वरून ३२ केली. ऑगस्टमध्ये दोन्ही टोकांना मिळून १६० हून जास्त जहाजं खोळंबली होती.

३० ऑक्टोबरला पुढची घोषणा आली. नोव्हेंबरात रोज २५ आणि मग २४ जहाजं, डिसेंबरपासून २२, जानेवारीपासून २०, फेब्रुवारीपासून १८.

आमचं जहाज त्या दिवशी लोडिंगच्या शेवटच्या टप्प्यात होतं. जुन्या लॉकचा ड्राफ्ट कमी केलेला नव्हता, त्यामुळे भरलेल्या मालाची चिंता नव्हती. चिंता होती ती आत शिरायला जागा मिळण्याची. कंटेनर आणि गॅसची जहाजं महिनोन्‌महिने आधी जागा राखून ठेवतात. धान्याची जहाजं तसं करत नाहीत. लोडिंगची तारीखच नक्की नसते. त्या वर्षी मिसिसिपीही आटली होती, वरून धान्य आणणारे बार्ज (सपाट मालवाहू होड्या) अर्धेमुर्धे भरून येत होते, त्यामुळे आमचं लोडिंग आधीच चार दिवस लांबलं होतं. आमच्याकडे बुकिंग नव्हतं.

समोरचे पर्याय

१ नोव्हेंबरच्या संध्याकाळी, मुंबईच्या वेळेने, आम्ही तिघं डेस्कवर आणि कॅप्टन फोनवर असे बसलो. कॅप्टन दापोलीकडचे, वयाने माझ्याहून मोठे. मी एकदा त्यांच्या हाताखाली सेकंड मेट होतो.

पहिला पर्याय, कालव्याच्या अटलांटिककडच्या तोंडाशी असलेल्या कोलोनला जाऊन रांगेत नांगर टाकायचा. आमच्या तिथल्या एजंटचा अंदाज बारा ते पंधरा दिवसांचा, पण तो लेखी द्यायला तयार नव्हता.

दुसरा, कालव्यातल्या जागांच्या रोज होणाऱ्या लिलावात बोली लावून जागा विकत घ्यायची. मक्यासारख्या मालात तेवढा नफाच नसतो, हे सगळ्यांना माहीत होतं.

तिसरा, सुएझ. सुमारे १४,५०० मैल, म्हणजे सतरा-अठरा दिवस जास्त. त्या आठवड्यात बाजारातली बरीच धान्याची जहाजं तिकडे वळत होती.

चौथा, केप ऑफ गुड होपचा वळसा. १५,७०० मैलांच्या आसपास, एकवीस-बावीस दिवस जास्त, पण ना लॉक, ना रांग, ना कुणाची परवानगी. दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडचा, मॅगेलनच्या सामुद्रधुनीचा रस्ता त्याहून लांब, तो आम्ही दोन मिनिटांत बाजूला ठेवला.

हिशेब असा होता. जहाजाचं दिवसाचं भाडं पंधरा हजार डॉलरच्या आसपास. नांगरावर उभं राहिलं तर रोज तीन-चार टन इंधन. चालतं ठेवलं तर अठ्ठावीस टन. म्हणजे उभं राहण्याचा दिवस अठरा हजाराला पडत होता आणि चालण्याचा दिवस तेहतीस हजाराला. वेळेच्या हिशेबाने एकवीस दिवसांपेक्षा कमी थांबावं लागलं तर पनामा फायद्याचा. पैशाच्या हिशेबाने त्याहूनही काही दिवस जास्त थांबणं परवडत होतं.

आमच्यातल्या सर्वांत तरुण मुलीने, तिला ऑपरेशन्समध्ये येऊन जेमतेम वर्ष झालं होतं, नकाशावर एक गोष्ट दाखवली आणि चर्चेचं तोंडच फिरलं. कोलोनहून केपटाऊन सुमारे साडेसहा हजार मैल आहे, न्यू ऑर्लिन्सहून सात हजार तीनशेच्या पुढे. म्हणजे कोलोनला जाऊन, परिस्थिती बघून, तिथून केपकडे वळलं तरी थेट केपला जाण्यापेक्षा नुकसान होतं जेमतेम दोन दिवसांचं. सुएझचं तसं नव्हतं. एकदा पूर्वेकडे निघालो की पनामा संपला.

काय केलं

कोलोनला जायचं ठरलं. मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो.

दुसरा निर्णय ड्राफ्टचा, आणि तो कॅप्टनचा. चार्टररची इच्छा होती की १२.०४ ला तीन सेंटिमीटर कमी एवढंच ठेवावं. कॅप्टन आठ मागत होते. मधला फरक साडेतीनशे टन मक्याचा.

“साहेब, तीन सेंटिमीटर म्हणजे जहाज किंचित हॉग झालं तरी गेलं,” ते म्हणाले. “आणि तिथे किती दिवस बसायचंय ते तुम्हालाही माहीत नाही, मलाही नाही. बंकर घ्यावं लागलं तर ते कुठे घालू?”

हॉग म्हणजे लांब जहाज मधून थोडं वर उचललं जाणं. मग दोन्ही टोकं खाली जातात आणि कालव्याचा माणूस सगळ्यात खोल टोक मोजतो. बंकर म्हणजे जहाजाचं इंधन. मी पाच सुचवून बघितले. ते आठवरच राहिले, आणि सही त्यांचीच होती. २ नोव्हेंबरला जहाज सुटलं.

कोलोनचे सोळा दिवस

७ तारखेला नांगर पडला. दुसऱ्याच दिवशी, ८ नोव्हेंबरला, एका जपानी कंपनीने आपल्या गॅसवाहू जहाजासाठी लिलावात एक जागा जवळपास ४० लाख डॉलरला घेतल्याची बातमी आली. टोल वेगळा. आमच्या ऑफिसात त्या आकड्यावर कुणी काही बोललंच नाही. जुन्या लॉकच्या जागेसाठी आम्ही एकदा बोली लावली, आमच्या ऐपतीतली, आणि हरलो. पुन्हा लावली नाही.

पुढे रोज तेच. एजंटचा मेल, रांगेतला नंबर, नियमांतला एखादा बदल. चीफ मेट, म्हणजे कॅप्टनखालचा पहिला अधिकारी, देवगडचा, तिशीतला मुलगा. तो रोज सकाळी लाइफबोटीसारख्या छोट्या भाड्याच्या लाँचमधून जहाजाभोवती फेरी मारून ड्राफ्टचे आकडे वाचायचा. लाटेने पाणी आकड्यावर चढतं आणि उतरतं; तो दहादहा लाटा बघून सरासरी धरायचा. मग बादलीत पाणी घेऊन हायड्रोमीटर बुडवायचा, कारण कोलोनच्या बंधाऱ्याच्या आत समुद्राचं पाणी नदीच्या पाण्यात मिसळतं आणि त्याची घनता पावसागणिक बदलते. त्याने पाठवलेल्या एका फोटोत हायड्रोमीटरची काच, मागे गढूळ हिरवं पाणी आणि त्याच्या बोटांवरचं ग्रीस एवढंच दिसत होतं. खाली लिहिलं होतं, “सर, गोड्या पाण्यात ११.९५.”

आणि पाऊस पडत होता. रोज दुपारी, तासभर, डेकवरून पाण्याचे ओहोळ वाहतील असा. खलाशी चीफ मेटला विचारायचे, एवढा पाऊस पडतोय तर कालव्यात पाणी नाही कसं? प्रश्न अगदी रास्त होता. पण पाऊस समुद्रावर पडून उपयोगाचा नव्हता. तो वर, चाग्रेसच्या पाणलोटात, आठवडेच्या आठवडे पडायला हवा होता. तिथे पावसाळा डिसेंबरच्या मध्याला संपतो आणि त्यानंतरचे चार महिने तलाव साठवलेल्या पाण्यावर चालतो. प्राधिकरण काटकसर करत होतं ती त्या चार महिन्यांसाठी.

मक्याची काळजी वेगळीच. धान्य ओलं-गरम झालं की आतून तापतं. बाहेरची हवा दमट असताना हॅचची, म्हणजे होल्डच्या झाकणाची, हवेची व्हेंट उघडली तर तीच वाफ थंड मक्यावर पाणी होऊन बसते. त्यामुळे सोळा दिवसांत व्हेंट उघडता आली ती मोजून चार-पाच रात्री. मेटने प्रत्येक होल्डचं तापमान दिवसातून दोनदा लिहून ठेवलं. पुढे जपानमध्ये मालाच्या पाहणीत ती वही फार कामी आली.

नवव्या दिवशी, १६ तारखेला, खरा पेच आला. रांग हलत नव्हती आणि मालक विचारत होते: अजून किती? केपकडे वळायचं असेल तर बंकर घ्यायला हवं. आम्ही अडीचशे टन घेतलं. ड्राफ्ट जवळपास चार सेंटिमीटर वाढला, ११.९९ झाला, तरीही कालव्याचा रस्ता बंद झाला नाही. कॅप्टननी ठेवलेले आठ सेंटिमीटर तिथे कामाला आले. तीनच ठेवले असते तर ड्राफ्ट १२.०४ च्या काठावर गेला असता, आणि जहाज किंचित हॉग झालं असतं तरी वळायची तयारी करण्याच्या भरात आत जायचा हक्कच गमावला असता.

पण वळायचं कधी? त्यावर आम्ही तीन दिवस बोलत राहिलो. आज नऊ दिवस झालेत, आता सोडलं तर हे नऊ वाया; उद्या दहा होतील. प्रत्येक दिवशी थांबण्याचं कारण आदल्या दिवसापेक्षा मोठं वाटायचं. मी स्वतः एकोणीस तारखेला वळण्याच्या बाजूने होतो.

त्याच दिवशी लाल समुद्रात येमेनच्या हूथी बंडखोरांनी एक मोटारवाहू जहाज हेलिकॉप्टरमधून उतरून ताब्यात घेतलं. ऑफिसातल्या टीव्हीवर तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लागत होता. आमचं जहाज सुएझमार्गे गेलं असतं तर महिनाअखेरीस लाल समुद्राच्या दक्षिण तोंडाशी, बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीत असतं. सुएझकडे वळलेल्या जहाजांवर माझ्या ओळखीची मुलं होती. त्या रात्री मी झोपलो नाही.

२१ ला एजंटचा फोन आला. एका जहाजाने बुकिंग रद्द केलं होतं, आमच्या आकाराची जागा रिकामी झाली होती, काही तासांत हो-नाही सांगायचं होतं. तारीख २३. आम्ही हो म्हटलं.

पलीकडे

मी पनामा चारदा ओलांडला आहे, आणि ते सकाळचं दृश्य आठवलं की अजून अंगावर काटा येतो. पायलट चढतात, इतर बंदरांत पायलट सल्ला देतो, इथे जहाज हलवण्याची जबाबदारीच त्यांच्या हाती जाते. गटूनच्या तोंडाशी वल्ह्यांची एक छोटी होडी येते, त्यात दोन माणसं. अवाढव्य जहाजाच्या पोटाखाली येऊन ती हातांनी दोर घेतात. त्या दोरामागून तारा येतात, आणि तारा भिंतीवरच्या इंजिनांना जोडल्या जातात. त्या इंजिनांना तिथे म्यूल म्हणतात. जहाज मध्यभागी धरून ठेवायचं काम त्यांचं, ढकलायचं काम जहाजाच्या इंजिनाचं.

मागचं दार मिटतं. ही पोलादी दारं दोन मीटरहून जाड, आतून पोकळ आणि शंभर वर्षांपूर्वीचीच. मग कुठलाही आवाज न होता पाणी चढू लागतं. भिंतीवरची ओली शेवाळी रेघ हळूहळू पाण्याखाली जाते. दहा मिनिटांच्या आतबाहेर पन्नास हजार टनांवरचा मका नऊ मीटर वर आलेला असतो.

चीफ मेटने तलावातून पाठवलेला फोटो मी जपून ठेवला आहे. पाण्यातून काळे बुंधे वर आलेले, रांगेने. १९१३ च्या सुमारास बुडालेल्या जंगलाचे. एरवी पाण्याखाली असणारे कित्येक बुंधे त्या वर्षी तलाव उतरल्यामुळे उघडे पडले होते.

संध्याकाळी जहाज मिराफ्लोरेस उतरून बाहेर आलं. त्याच्यामागे वीस कोटी लिटर पाणी पॅसिफिकमध्ये गेलं.

निष्पत्ती

जहाज २० डिसेंबरला जपानला पोचलं. थेट केपने गेलं असतं तर २४ च्या आसपास पोचलं असतं. चार दिवस आणि साधारण पाचशे टन इंधन वाचलं. माल चांगला उतरला.

पण हिशेबात एक गोष्ट धरलेली नव्हती. गरम पाण्यात सोळा दिवस उभ्या राहिलेल्या जहाजाच्या तळाला शेवाळ आणि शिंपले धरतात. पॅसिफिकमध्ये तेवढंच इंधन जाळून चाल जवळपास पाऊण नॉट, म्हणजे तासाला पाऊण सागरी मैल, कमी पडली. त्यात दीड दिवस गेला, आणि तळ घासून घ्यायचा खर्च कुणाचा यावर मालक आणि चार्टरर यांच्यात चार महिने पत्रापत्री चालली.

कालव्याकडे पाऊस नोव्हेंबरात थोडा बरा झाला. डिसेंबरच्या मध्यात प्राधिकरणाने १८ पर्यंत उतरायचा बेत सोडून जानेवारीच्या मध्यापासून २४ जहाजं घ्यायचं जाहीर केलं. २०२४ च्या सप्टेंबरपर्यंत गाडी पुन्हा ३६ वर आली. दुष्काळात जुन्या लॉकमध्ये एका हौदाचं पाणी शेजारच्या हौदात वळवून वापरलं जात होतं. नव्या लॉकना तर बाजूला साठवण टाक्याच आहेत, ज्यांत ६० टक्के पाणी परत वापरता येतं. तरीही तलाव कमी पडतो. रिओ इंडिओ नदीवर नवं धरण बांधायचा प्रस्ताव पुढे आला आहे आणि त्या खोऱ्यातली बरीच माणसं आपली गावं सोडायला तयार नाहीत. शंभर वर्षांपूर्वी गटूनखाली गेलेल्या गावांना कुणी विचारलं नव्हतं. या वेळी विचारलं जावं, असं मला मनापासून वाटतं, जहाजं थांबली तरी.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक माझी. वळायचा दिवस आधी ठरवला नाही. २ नोव्हेंबरला डोकं शांत असताना सगळे आकडे समोर होते. तेव्हाच लिहून ठेवायला हवं होतं की अमुक तारखेपर्यंत जागा मिळाली नाही तर काहीही झालं तरी नांगर उचलायचा. ते न केल्यामुळे नवव्या दिवसानंतर आम्ही घालवलेल्या दिवसांची गणितं करत बसलो. जागा मिळाली ती रद्द झालेल्या बुकिंगमुळे. ती दोन दिवस उशिरा मिळाली असती तर जहाज कदाचित अटलांटिकमध्ये असतं.

दुसरं, लोडिंग लांबतंय हे २५ ऑक्टोबरलाच दिसत होतं आणि तलावाची पातळी तर प्राधिकरण रोज प्रसिद्ध करतं. आम्ही ती बघत नव्हतो. बघितली असती तर केपचा विचार करून माल जास्त भरायचा प्रस्ताव खरेदीदारापुढे वेळेत ठेवता आला असता. दहा हजार टन जास्त माल असता तर लांबच्या रस्त्याचं गणित बरंच बदललं असतं.

तिसरं, तळाला शिंपले धरल्यावर तो साफ कुणी करायचा हे करारात स्पष्ट लिहून घ्यायला हवं होतं.

सुएझ न घेण्याचं श्रेय मात्र आम्ही घेत नाही. १ तारखेला हूथींचा हल्ला आमच्या डोळ्यांसमोर नव्हता. आम्ही सुएझ सोडला तो परत वळता येत नाही म्हणून.

आता आमच्या फेरीच्या तक्त्यात दोन रकाने जास्त आहेत. पनामाकडे जाणाऱ्या प्रत्येक जहाजापुढे ‘वळायची तारीख’ लिहिलेली असते, आणि सकाळी पहिलं काम म्हणून ती तरुण मुलगी गटून तलावाची पातळी फुटांत भरते. देवगडचा तो मेट आता कॅप्टन झाला आहे. परवा त्याने मिसिसिपीतून फोन केला, पुढची फेरी पनामामार्गेच आहे म्हणाला, आणि विचारलं, “सर, आज किती फूट?”